कलमाचा चाकू : पोलादाची पारख

पावसाळा सुरू झाला की कोकणातील रोपवाटिकांत आंब्याची कोय कलमे बांधण्याची लगबग सुरू होते. माळ्याच्या खिशातील घडीचा चाकू हे या कामाचे मुख्य हत्यार होय. कलमकाडी दोन्ही बाजूंनी तासून तिला पाचरीचा आकार द्यावयाचा आणि खुंटाच्या चिरेत ती अशी बसवावयाची की दोहोंच्या अंतरसाली एकमेकींना भिडाव्यात. काप सपाट व स्वच्छ असेल तर जोड सांधतो. धार बोथट असेल तर पेशी चिरडतात, तो भाग कुजतो आणि कलम मरते. १९९० मध्ये राज्यात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली. तेव्हापासून कलमांचे महत्त्व वाढलेच आहे. म्हणून प्रशिक्षण वर्गासाठी अथवा रोपवाटिकेसाठी चाकू खरेदी करताना पोलादाची जात समजून घेणे अगत्याचे ठरते.

साधे पोलाद

लोखंडात अल्प प्रमाणात कर्ब मिसळला की पोलाद होते. चाकूच्या साध्या पोलादात, उदाहरणार्थ ‘१०९५’ या जातीत, कर्ब सुमारे ०.९५ टक्के असतो. याचे कण बारीक असल्याने धार अतिशय तलम येते व सहाणेवर लवकर लागते. सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडविले व नंतर मंद आंचेवर पुन्हा तापविले की त्याला पाणी चढते. हे काम कुशल लोहार गावातही करू शकतो. दोष एकच, तो म्हणजे गंज. आंब्याचा चीक आम्लधर्मी असतो आणि कोकणची हवा दमट व खारट. घडीच्या चाकूत तर मुठीच्या खाचेत ओल व माती साचून राहते आणि बिजागरीपाशी गंज प्रथम धरतो.

स्टेनलेस पोलाद

१९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद तयार केले. क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिसूक्ष्म संरक्षक थर बनतो. ‘१२सी२७’ या स्वीडिश जातीत कर्ब सुमारे ०.६ टक्के व क्रोमियम सुमारे १३.५ टक्के असते. त्यातील कण बारीक राहतात व धारही चांगली लागते. ‘४४०सी’मध्ये कर्ब एक टक्क्याच्या आसपास व क्रोमियम १६ ते १८ टक्के असते. ‘डी२’ या हत्यारी पोलादात कर्ब सुमारे दीड टक्का व क्रोमियम सुमारे १२ टक्के असते, पण त्यातील बरेचसे क्रोमियम कर्बाशी संयोग पावत असल्याने ते पुरते गंजरोधक ठरत नाही. या दोन्ही जातींतील जाड, कठीण कणांमुळे दोरखंड किंवा पुठ्ठा कापताना धार दीर्घकाळ टिकते. तथापि कोवळ्या काडीने धार फारशी झिजतच नाही. तेथे हा गुण वाया जातो. उलट पातळ धारेचे टवके उडण्याचा संभव असतो आणि साध्या सहाणेवर धार लावणे जिकिरीचे होते.

निवड कशी करावी

रॉकवेल मापावरील टणकपणाचा आकडा मोठा म्हणून चाकू चांगला, असे नाही. टणकपणा वाढला की ठिसूळपणाही वाढतो. पाणी नीट दिलेले नसेल तर महागडे पोलादही कुचकामी ठरते. फ्रान्समध्ये १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी बनविलेला प्रसिद्ध घडीचा चाकू आजही साध्या व स्टेनलेस अशा दोन्ही पोलादांत मिळतो, कारण दोहोंचे उपयोग भिन्न आहेत.

रोज चाकू हाताळणाऱ्या व तो पुसून ठेवणाऱ्या माळ्यास साधे पोलाद उत्तम. शाळेच्या अथवा पंचायतीच्या पेटीत महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या चाकूंसाठी ‘१२सी२७’सारखे बारीक कणांचे स्टेनलेस अधिक योग्य.

निगा मात्र दोहोंनाही हवी. काम संपताच पाते व खाच कोरडी करावी आणि बिजागरीत तेलाचा थेंब सोडावा. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरू नये. त्याने स्टेनलेसवरही खड्डे पडतात. त्याऐवजी स्पिरिट वापरावे. धार कोरड्या फिरत्या दगडावर लावू नये. पाते तापून निळसर झाले की त्याचे पाणी उतरले असे समजावे. ओल्या सहाणेवर सावकाश लावलेली धारच कलमाच्या कामी येते.