हाट, मॉल आणि प्रवेशाचा हक्क

होळीपूर्वी सातपुड्यात भोंगऱ्या हाट भरतात. काठीच्या राजवाडी होळीची खरेदी अशाच हाटांतून होते. तेथे शिरताना कोणी कोणाचा खिसा पाहत नाही.

आता मुंबईतील पहिल्या मॉलचा इतिहास पाहू. ताडदेवला रोश औषध कंपनीच्या जुन्या जागेवर पिरामल समूहाने १९९९ साली ‘क्रॉसरोड्स’ उघडला. बघ्यांची गर्दी टाळण्यासाठी सुरुवातीस अशी अट होती, की मोबाईल फोन वा क्रेडिट कार्ड नसेल, त्याने प्रवेश शुल्क भरावे. पुढे ती अट गेली. फ्यूचर समूहाने मॉल घेतला, नाव ‘सोबो सेंट्रल’ झाले, दुकाने बदलली. लोअर परळसारख्या ठिकाणी मोठे मॉल झाले, गिऱ्हाईक तिकडे वळले आणि हा मॉल ओस पडला.

विद्यार्थ्यांनी येथे संविधानाचे कलम १५(२) वाचावे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून दुकानात प्रवेश नाकारता येत नाही. त्या यादीत गरिबी नाही. म्हणूनच दारावर जात न विचारताही माणूस बाहेर ठेवता येतो, हे आपण ओळखले पाहिजे. आम्हांस वाटते, बाजाराची खरी परीक्षा त्याच्या दारातच होते.