नाद परवडतो, यंत्र बदलणं परवडत नाही

पूर्वी बाजारात दुकानदार रुपया हातात आला की दगडावर आपटून बघायचा. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत. इंग्लंडातल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यालाही हेच करायचं असतं, फक्त त्याचं नाणं वीतभर मातीखाली असतं. हाताशी असतो तो यंत्राचा आवाज. तो गढूळ येऊ लागला की सोबतचे म्हणतात, ‘यंत्र बदला.’ हा सल्ला सहज पाचशे ते हजार पौंडांना पडतो. पौंडाला शंभर-सव्वाशे रुपये धरा आणि हिशेब करा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी या नादाला लागलेल्या मराठी मंडळींनी पाकीट उघडण्याआधी खर्चाची उतरंड खालून चढावी. सगळ्यात खालची पायरी फुकट आहे आणि सर्वाधिक फरक तिथंच पडतो.

पहिली चूक जवळपास सगळेच करतात, मीही वर्षभर केली. सेन्सिटिव्हिटी शेवटच्या आकड्यापर्यंत चढवायची. वाटतं, जास्त म्हणजे जास्त खोल. प्रत्यक्षात विजेच्या तारा, शेताचं विद्युत कुंपण, स्वतःच्या खिशातला मोबाइल, सगळ्यांची कुरकुर यंत्र ऐकू लागतं आणि त्या गलक्यात चांदीच्या पातळ नाण्याचा बारीक स्वर बुडून जातो. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, यंत्रावरचं नॉइज कॅन्सल दाबा आणि कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, हवेत स्थिर धरून सेन्सिटिव्हिटी एकेक घर खाली आणा. यंत्र गप्प झालं की थांबा. इक्विनॉक्ससारख्या यंत्रावर २५ पैकी १८ ते २० वर बऱ्याच शेतांत उत्तम काम होतं. दोन इंच खोली गेली तर गेली, उरलेली खोली तरी ऐकू येते.

मग ग्राउंड बॅलन्स. मातीतल्या लोहखनिजाचा आवाज यंत्राला ‘हा ऐकायचा नाही’ असं सांगण्याची ही सोय आहे. जिथं खाली धातू नाही अशी जागा बघून बटण दाबायचं आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून वर-खाली हलवायची. अर्ध्या मिनिटाचं काम. शेत बदललं, माती बदलली की पुन्हा करायचं.

तिसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. लोखंडाचा आवाज डिस्क्रिमिनेशन लावून पूर्ण बंद करू नका. खिळ्यावर यंत्र मुकं झालं की पुन्हा बोलायला त्याला क्षणभर लागतो, आणि खिळ्याशेजारचं नाणं नेमकं त्या क्षणात निसटतं. शिवाय लोखंड ऐकूच आलं नाही तर आपण जुन्या घराच्या जागेवर उभे आहोत हेही कळत नाही. लोखंडाला खालचा, घोगरा सूर द्या आणि त्याचा आवाज बारीक ठेवा. एकूण पाच स्वर पुरतात. खिळ्यांनी भरलेल्या जागेत तर मी दोनच ठेवतो: घोगरा म्हणजे लोखंड, वरचा म्हणजे थांबा. पन्नास स्वरांत कान दमतो.

एका वस्तूनंतर यंत्र किती पटकन पुन्हा बोलू लागतं ते ठरवणारा रिकव्हरी स्पीड, काही यंत्रांवर रिअॅक्टिव्हिटी, हा आकडा जागेप्रमाणे बदलायचा. खिळे दाट असतील तर वाढवा. दोन वस्तू वेगळ्या ऐकू येतील, पण आवाज तुटक होईल. मोकळ्या कुरणात कमी करा. तिथं आवाज लांब आणि भरदार येतो.

आणि हात. कॉइल जमिनीलगत, सपाट, झाडू मारल्यासारखी टोकांना न उचलता फिरवा. चांगला आवाज दोन्ही बाजूंनी आणि नव्वद अंशांत वळून आडवं फिरवलं तरी तोच राहतो. एकाच दिशेनं चांगला वाजणारा बहुधा वाकडा खिळा असतो. एक मर्यादा मात्र कुठल्याच सेटिंगनं जात नाही: सोन्याची अंगठी आणि कॅनचं झाकण ओढायची कडी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. सोनं हवं असेल तर कड्या उकराव्याच लागतात.

हे सगळं शिकायला दोन-तीन पौंडांची एक जुनी सिक्सपेन्स घ्या. १९२० ते १९४६ मधल्या नाण्यांत निम्मी चांदी असते. ती परसात वीतभर खोल पुरा, वर खूण करा आणि शेजारी एक खिळा. एकेक सेटिंग बदलत त्यावरून कॉइल फिरवा. दुकानदारानं फुकट दिलेल्या सल्ल्यापेक्षा हे तीन पौंड जास्त शिकवतात.

यापुढे पैसे लागतात. वायरचे साधे हेडफोन पंधरा ते तीस पौंडांत मिळतात आणि वारा सुटला की त्यांची किंमत कळते. वायरलेस घ्यायचे तर तुमच्या यंत्राशी जुळणारेच घ्या. घरातल्या ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा पोचतो आणि तोवर कॉइल पुढे गेलेली असते. खिळ्यांच्या जागेसाठी लहान कॉइल साधारण ऐंशी ते दीडशे पौंडांना पडते. यंत्र बदलण्याआधी मी हिच्यावर पैसे घालेन. खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा चांगला पिनपॉइंटर शंभरच्या आसपास. त्यानं ऐकणं सुधारत नाही, पण खड्डा लहान राहतो आणि शेतकरी पुन्हा येऊ देतो.

नव्या यंत्राचा खर्च एकाच ठिकाणी मला पटतो: समुद्रकिनारी. खाऱ्या ओल्या वाळूत एका फ्रीक्वेन्सीचं यंत्र बडबडतं आणि सेटिंगनं फारसं शांत होत नाही. तिथं एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारं हवं. नवं यंत्र दोन-तीनशेपासून हजाराच्या वर जातं, आणि वापरलेलं निम्म्यात मिळालं तर वाईट नाही. आतल्या शेतांसाठी टेरी हर्बर्ट आठवा. स्टॅफर्डशायरचा अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा त्यांना २००९ मध्ये सापडला तेव्हा हातातलं यंत्र १४ वर्षांचं होतं. त्या साठ्याचं मूल्य ठरलं ३२ लाख ८५ हजार पौंड.

परवानगीला पैसे लागतातच असं नाही, पण जमीनमालकाची ती लागतेच, शक्यतो लेखी. संरक्षित स्मारकाच्या जागेवर सरकारी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर अॅक्टमध्ये बसणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

सुट्टीत गावी येताना यंत्र बॅगेत घालून एखाद्या किल्ल्यावर फिरवायचा मोह होईल. टाळा. संरक्षित जागेवर उकरणं हा भारतातही गुन्हा आहे, आणि इतरत्र मातीत लपलेलं धन सापडलं तर १८७८ चा कायदा दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाच्या प्रत्येक वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो. ते दहा रुपये तेव्हाचे आहेत. आकडा तेवढाच राहिला आहे.