नाण्यांची साठवण आणि प्लॅस्टिकची निवड

नाणे हा मुळात टिकाऊ पदार्थ आहे. चांदीची आहत नाणी दोन हजार वर्षांहून अधिक काळ मातीत पुरलेली होती, तरीही त्यांच्यावरील सूर्य, वृक्ष, टेकडी ही चिन्हे आज ओळखता येतात. म्हणूनच एकदा नाणे हाती आले, पुसले आणि अल्बममध्ये ठेवले की ते सुरक्षित झाले, असे नव्या संग्राहकाला वाटते. परंतु शतकानुशतके मातीत राहूनही ज्या नाण्याचे फारसे बिघडले नाही, ते अल्बमच्या मऊ, पारदर्शक पानात काही वर्षांतच बिघडू शकते. हे बिघडणे सावकाश व नजरेआड होत असते. अल्बम अनेक महिन्यांनी उघडला जातो आणि तेव्हा नाण्यावर फिकट हिरवा, बोटाला चिकटणारा थर आढळतो. तो प्रथम अक्षरांच्या कडांना आणि मुद्रेच्या खोलगट भागात दिसतो. बरेच जण त्याला साधा मळ समजतात व फडक्याने घासून काढू पाहतात. त्यामुळे नाण्याचे आणखी नुकसान होते.

कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. आंबट पदार्थातील अम्ल तांब्यावर क्रिया करते आणि तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. अल्बममधील नाण्याच्या बाबतीतही जवळजवळ हेच घडते. फरक इतकाच की येथे अम्ल बाहेरून येत नाही, ते प्लॅस्टिकच्या पानातूनच निर्माण होते.

या पानांसाठी ज्या प्लॅस्टिकचा वापर फार मोठ्या प्रमाणावर होत आला, ते पॉलिव्हिनिल क्लोराइड होय. व्यवहारात त्याला पीव्हीसी म्हणतात. ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये या पांढऱ्या घन पदार्थाचे वर्णन केले, पण पुढे अर्धशतकभर त्याचा विशेष उपयोग कोणाला सापडला नाही. पीव्हीसी स्वभावतः कडक व ठिसूळ असते. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात उच्च उत्कलनबिंदूचे तेलकट द्रव मिसळून ते रबरासारखे मऊ करून दाखविले. त्यानंतर रेनकोट, पिशव्या, टेबलावरची आच्छादने आणि अल्बमची पाने असे त्याचे असंख्य प्रकार बाजारात आले. मऊपणा देणाऱ्या या द्रव्यांना मृदुकारी द्रव्ये म्हणता येईल. त्यांत थॅलेट वर्गातील द्रव्ये प्रमुख आहेत. मऊ पीव्हीसीच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग या द्रव्यांचा असू शकतो. ती प्लॅस्टिकशी रासायनिक रीत्या बांधलेली नसतात, त्यात नुसती मुरलेली असतात. म्हणून कालांतराने ती पृष्ठभागाकडे सरकतात, पान चिकट होते आणि तो चिकटपणा नाण्यावर उतरतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. उष्णता, प्रकाश व काळ यांच्या प्रभावाने पीव्हीसीचे रेणू सावकाश विघटित होतात आणि त्यांतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हवेतील बाष्पाशी संयोग होताच त्याचे हायड्रोक्लोरिक अम्ल बनते. सुटलेला वायू प्लॅस्टिकच्या पुढील विघटनालाही चालना देतो. कारखानदार हे रोखण्यासाठी स्थिरीकरण करणारी द्रव्ये घालतात, परंतु त्यांची शक्ती मर्यादित असते आणि ती संपली की ऱ्हास वेग घेतो. अम्ल, चिकट तेल आणि तांबे एकत्र आले की तांब्याचे क्लोराइड तयार होते. अल्बममधला हिरवा थर तो हाच.

सर्व नाण्यांना हा धोका सारखा नसतो. शुद्ध सोन्यावर हायड्रोक्लोरिक अम्लाचा परिणाम होत नाही, चिकट थर मात्र सोन्यावरही बसतो. चांदीची नाणी शुद्ध चांदीची नसतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सुरू केलेल्या एकरूप रुपयात ९१.७ टक्के चांदी होती व उरलेला भाग तांब्याचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली. त्या मिश्रधातूत ४० टक्के तांबे आणि ५-५ टक्के निकेल व जस्त होते. दिसायला दोन्ही रुपये पांढरेच, पण मऊ पीव्हीसीच्या पानात त्यांच्या वाट्याला येणारे भवितव्य सारखे नसते. सहाव्या जॉर्जच्या १९४० नंतरच्या रुपयात तांब्याचे प्रमाण सुमारे पाचपट असल्यामुळे तो अधिक लवकर हिरवा पडण्याचा संभव असतो. बाजारात हे रुपये तुलनेने स्वस्त मिळतात, म्हणून संग्राहक त्यांना सर्वांत स्वस्त पानात ठेवतो, ही त्यातली दुर्दैवाची गोष्ट. १९४७ चा रुपया निकेलचा असल्याने तो बराच तग धरतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत सुरू झाल्यानंतरचा काशाचा १ नया पैसा मात्र विशेष जपावा लागतो. त्याची मूळ तांबूस चकाकी एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि त्या चकाकीवरच न वापरलेल्या नाण्याचे मूल्य अवलंबून असते. १९६० नंतरच्या दशकातील ॲल्युमिनियमचे हलके पैसेही अम्लापुढे टिकत नाहीत.

शिशाच्या नाण्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. दख्खनमध्ये सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या संख्येने पाडली. शिशाचा खरा शत्रू म्हणजे ॲसेटिक अम्लाची वाफ. ती ओकसारख्या काही लाकडांतून, हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यातून आणि सुतारकामातल्या पांढऱ्या डिंकातून निघते. सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या जुन्या प्लॅस्टिकचा ऱ्हास होऊ लागला की त्यालाही शिरक्यासारखा वास येतो. या वाफेमुळे शिशावर पांढरी भुकटी जमते व नाणे हळूहळू खाल्ले जाते. अशा नाण्यासाठी जुन्या वळणाच्या सुंदर लाकडी पेटीपेक्षा योग्य प्लॅस्टिकची साधी डबी अधिक चांगली.

मग योग्य प्लॅस्टिक ओळखायचे कसे? विक्रेत्याचा शब्द आणि वेष्टनावरील मजकूर यांवर सर्वस्वी विसंबता येत नाही. ‘अम्लविरहित’ हा शब्द कागदाच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे, प्लॅस्टिकच्या पानावर तो छापलेला असला तरी त्यातून फारसा बोध होत नाही. पहिली परीक्षा हाताची व नाकाची. पान अतिशय मऊ, लोंबणारे, किंचित ओलसर भासणारे असेल आणि त्याला नव्या रेनकोटासारखा वास येत असेल, तर ते पीव्हीसी असण्याची शक्यता मोठी. संग्राहकाला ज्या मऊपणाची सोय वाटते, तीच बहुधा धोक्याची खूण असते. निरुपद्रवी पान चुरगाळले असता कुरकुर आवाज करते आणि कडक असते. म्हणूनच ते पहिल्या भेटीत कोणाला आवडत नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. पानाचा छोटा तुकडा पाण्यात पूर्ण बुडवून, त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढून सोडावा. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे तुकडा वर येतो. पीव्हीसी बुडते. परंतु पॉलिएस्टर व पॉलिस्टिरीन ही सुरक्षित प्लॅस्टिकेही बुडतात. म्हणजे तुकडा तरंगला तर ते पीव्हीसी नव्हे, हे निश्चित झाले. बुडाला तर संशय कायम राहिला.

तो संशय तिसऱ्या परीक्षेने फिटतो. फ्रिडरिख बाइलश्टाइन यांनी ती १८७२ मध्येच, म्हणजे बाउमान यांनी पीव्हीसीचे वर्णन केले त्याच वर्षी, प्रसिद्ध केली हा एक योगायोगच. तांब्याच्या तारेचे टोक गॅसच्या किंवा स्पिरिटच्या निळ्या ज्योतीत, ज्योतीचा हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत तापवावे. ती तप्त तार प्लॅस्टिकच्या तुकड्यावर टेकवावी, म्हणजे थोडे प्लॅस्टिक वितळून तारेला लागेल. मग तार पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत स्पष्ट हिरवी झाली तर त्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन आहे, आणि ते नाण्यांजवळ ठेवू नये. ही कसोटी इतकी संवेदनशील आहे की बोटाच्या घामातील मिठानेही ज्योत क्षणभर रंगू शकते. म्हणून तुकडा चिमट्याने धरावा आणि प्रयोग दोनतीनदा करावा. या ज्वलनात निघणारा धूर विषारी असतो. प्रयोग उघड्या खिडकीपाशी, अगदी लहान तुकड्यावर आणि मुलांना दूर ठेवून करावा. नाणे असलेल्या पानावर तो कधीही करू नये.

वापरण्यास योग्य अशा प्लॅस्टिकांत पॉलिएस्टरची पातळ फिल्म अग्रगण्य मानली जाते. मायलर या व्यापारी नावाने ती अधिक परिचित आहे. तिच्यात मृदुकारी द्रव्ये घालावी लागत नाहीत, ती काचेसारखी स्वच्छ असते आणि संग्रहालयांत कागदपत्रे जपण्यासाठीही ती वापरली जाते. तिचे दोष दोन. तिच्या कडा धारदार असतात, त्यामुळे नाणे आत सरकवताना मुद्रेच्या उंच भागावर बारीक ओरखडे पडू शकतात. आणि वारंवार दुमडल्यास शिवणीपाशी ती फाटते व नाणे खाली पडते. पॉलिप्रॉपिलीन थोडे कमी पारदर्शक, पण चिवट व निरुपद्रवी असते. अल्बमच्या पानांसाठी ते उत्तम. पॉलिथिनच्या बंद होणाऱ्या छोट्या पिशव्या अल्पकाळासाठी चालतात. मात्र एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांना बुळबुळीत द्रव्ये लावलेली असतात, हे विसरू नये. पुनर्वापरातून बनविलेल्या प्लॅस्टिकमध्ये काय काय मिसळले आहे हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून दुकानातून किराण्याबरोबर आलेल्या पिशवीत नाणी ठेवणे योग्य नव्हे.

मौल्यवान नाण्यासाठी पॉलिस्टिरीन किंवा ॲक्रिलिकची कडक डबी घ्यावी. ती नाण्याच्या व्यासाच्या मापाची असावी. सैल डबीत नाणे हलते व घासते. डबीच्या आतील गोल गादी काळ्या किंवा रंगीत फोमची असेल, तर ती कशाची आहे ते तपासल्याशिवाय वापरू नये. कवच निर्दोष आणि गादी घातक, असे होऊ शकते. खिडकीवजा फिल्म बसविलेल्या चौकोनी पुठ्ठ्याच्या पाकिटांचीही हीच गत. त्यांची फिल्म बहुधा चांगली असते, पण कडेला मारलेल्या टाचण्या पावसाळ्यात गंजतात आणि शेजारच्या पाकिटातील नाण्याला ओरखडतात. टाचण्या चपट्या दाबून घ्याव्यात आणि नाणे बाहेर काढताना त्या आधी उपटाव्यात.

कोणतेही प्लॅस्टिक बाष्पाला पूर्णपणे अडवीत नाही, हे भारतासारख्या देशात विशेष महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात मुंबई, कोची, कोलकाता यांसारख्या शहरांत हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. ओल्या हवेत बंद केलेली डबी ती ओल आतच कोंडून ठेवते. म्हणून नाणी कोरड्या दिवसांत, कोरड्या हातांनी, शक्यतो सुती हातमोजे घालून आणि कडांना धरून ठेवावीत. अल्बम व डब्या घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि जेलचा रंग बदलला की ते भट्टीत तापवून पुन्हा कोरडे करावे. भिंतीला लागलेले कपाट व उन्हात तापणारा माळा दोन्ही टाळावेत. घरोघरी ट्रंकेत टाकल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या नाण्यांच्या डब्यात ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेने पॉलिस्टिरीन मऊ पडते. रबराच्या पट्ट्यांत गंधक असते व ते चांदी काळी करते, तेव्हा पाकिटे बांधायला सुती दोरा बरा.

जी नाणी आधीच हिरवी झाली आहेत त्यांचे काय, हा प्रश्न उरतो. चिकट थर ताजा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून ठेवल्याने तो बहुधा सुटतो. ॲसिटोन धातूवर क्रिया करीत नाही, पण ते फार लवकर पेट घेते; जवळ विस्तव नसावा व खिडक्या उघड्या असाव्यात. भांडे काचेचेच हवे, कारण पॉलिस्टिरीन त्यात विरघळते. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात इतर पदार्थ मिसळलेले असल्याने तो वापरू नये. नाणे घासू नये; दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून पुन्हा काढून हवेत वाळू द्यावे. थराखाली धातू खरवडल्यासारखा झाला असेल तर ते खड्डे भरून येणार नाहीत. उत्खननातून आलेल्या तांब्याच्या किंवा काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल, तर धातूत क्लोराइड खोलवर शिरलेले असते. घरगुती उपायांनी ते निघत नाही. अशी नाणी कोरडी व वेगळी ठेवून संवर्धनतज्ज्ञाला दाखवावीत. लखनौ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा याच क्षेत्रात काम करते.

नाणी नव्या पानांत हलविल्यानंतर जुनी पाने त्याच कपाटात ठेवू नयेत. त्यांतून सुटणारा वायू बंद जागेत शेजारच्या नाण्यांपर्यंत पोहोचतो. जुन्या पानांवरील चिठ्ठ्यांत नाण्याचे वजन, टांकसाळीची खूण, ते कोठून व केव्हा मिळाले याची नोंद असेल, तर ती नव्या कागदावर उतरून घ्यावी आणि नंतरच ती पाने टाकून द्यावीत.