सरपणाची बेगमी : वेळ, पद्धत आणि दक्षता

बालाघाटच्या डोंगररांगेने दोन भागांत विभागलेल्या बीड जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. त्यामुळे येथील चुलीला लागणारे जळण जंगलातून नव्हे, तर प्रामुख्याने शेताच्या बांधावरून, ओढ्याकाठच्या बाभळीतून, पडीक जमिनीवरील वेड्या बाभळीतून आणि पिकांच्या अवशेषांतून येते. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या यांचा त्यात मोठा वाटा असतो. १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गॅसची शेगडी खेड्यापाड्यांतील असंख्य घरांत पोहोचली. तथापि, गॅस असलेल्या अनेक घरांतही आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी आणि भाकरी भाजण्यासाठी चूल पेटतच असते. म्हणूनच सरपण केव्हा तोडावे, कसे फोडावे आणि कसे रचून ठेवावे, हा विषय आजही ग्रामीण जीवनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

दोन हंगाम, दोन बेगमी

सरपणाची मुख्य बेगमी मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत करण्याची रीत सर्वत्र आहे. बीड जिल्ह्यात मात्र तिला आणखी एका बेगमीची जोड द्यावी लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे, ज्याला ‘एक कोयता’ असे संबोधले जाते, साधारणतः पाच महिने घराबाहेर राहते. घरी राहतात ती वृद्ध माणसे आणि शाळकरी मुले. थंडीच्या दिवसांत त्यांच्या चुलीची तरतूद कोयता निघण्यापूर्वीच झालेली नसेल, तर सत्तरीतल्या आजीला काट्याकुट्यांतून सरपण गोळा करीत हिंडावे लागते, किंवा शाळेच्या वेळेत मुलांना डोक्यावर मोळी घ्यावी लागते.

किती सरपण लागेल, याचा अंदाज साध्या हिशेबाने बांधता येतो. एखाद्या घराला दिवसाकाठी चार किलो वाळलेले लाकूड लागत असेल, तर १५० दिवसांसाठी ६०० किलो लागेल. हे लाकूड तोडीच्या वेळी याहून बरेच जड असते, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

ओले लाकूड का परवडत नाही

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. असा दहा किलोचा ओंडका घेतला, तर त्यात पाच किलो लाकूड आणि पाच किलो पाणी असते. उन्हावाऱ्यात नीट वाळल्यानंतर लाकडातील पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि त्याच ओंडक्याचे वजन सव्वासहा किलो भरते. अर्थात वरील ६०० किलो सरपणासाठी सुमारे ९६० किलो ओले लाकूड तोडावे लागेल. तोडीच्या जागीच लाकूड वाळू दिले, तर तेवढा भार डोक्यावरून वाहण्याचे कष्ट वाचतात, हाही एक लाभ होय.

एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. पूर्ण वाळलेले एक किलो लाकूड साधारणपणे साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता देते. म्हणजे ओल्या ओंडक्यातील पाच किलो पाणी घालविण्यातच तीन हजार किलोकॅलरी खर्ची पडतात. त्याहून मोठी हानी अशी की, पाण्यामुळे आच मंदावते, लाकडातून निघणारे वायू पेटत नाहीत आणि धुराच्या रूपाने घरात पसरतात. घरातील धुरामुळे होणाऱ्या हवेच्या प्रदूषणाने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपाशी सर्वाधिक वेळ बसणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याजवळची लहान मुले यांना या धुराचा सर्वांत जास्त उपद्रव होतो.

तोड आणि फोड

तोडीस माघ-फाल्गुनाचा काळ उत्तम. त्यानंतर चैत्र-वैशाखाचे कडक ऊन मिळते. ऊसतोडीहून मार्च-एप्रिलमध्ये परतणाऱ्या कुटुंबांना हा अवधी कमी पडतो. त्यांनी लाकूड अधिक बारीक फोडावे, म्हणजे कमी दिवसांत ते वाळते. लाकडातील ओल मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून निघून जाते. साल तिला अडवून धरते. म्हणून अखंड ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आतून ओला राहू शकतो. मनगटाएवढ्या जाडीच्या आणि दीड हात लांबीच्या ढलप्या मात्र मराठवाड्याच्या उन्हाळ्यात साधारणपणे दोन महिन्यांत जळण्याजोग्या होतात.

बाभळीचे लाकूड वाळल्यावर अतिशय कठीण होते. ते ओले असतानाच फोडणे सोयीचे. ओंडका रुंद ठोकळ्यावर उभा ठेवावा, टोकाला पडलेल्या नैसर्गिक चिरेवर कुऱ्हाडीचा घाव घालावा आणि गाठीचा भाग टाळावा. गाठाळ बुंध्यासाठी लोखंडी पाचर आणि घण वापरावा. बोथट कुऱ्हाड घसरते व पायावर येते. तेव्हा धार लावूनच कामास आरंभ करावा. दांडा सैल झाला नाही ना, हे पाहावे आणि फोडणाऱ्याच्या समोर किंवा मागे कोणासही उभे राहू देऊ नये.

बांधावरील बाभूळ समूळ तोडण्याऐवजी तिच्या बाजूच्या फांद्या छाटाव्यात आणि शेंडा राखावा. सुबाभूळ, शेवरी यांसारखी झाडे जमिनीपासून हातभर उंचीवर तिरपा छेद देऊन तोडल्यास पावसाळ्यात पुन्हा फुटतात. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन आदी झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत समाविष्ट असून, ती स्वतःच्या शेतातील असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना तोडता येत नाहीत. गायरान व शासकीय जमिनीवरील झाडांनाही विनापरवाना हात लावू नये. कण्हेरीचे लाकूड विषारी असल्याने ते चुलीत कदापि घालू नये.

रचण्याची पद्धत

ढीग घालणे आणि रचणे यांत मोठा फरक आहे. ढिगाच्या पोटात वारा शिरत नाही. तेथील लाकडाला बुरशी आणि वाळवी लागते. प्रथम दोन रांगांत दगड मांडून त्यांवर आडवी लाकडे टाकावीत, जेणेकरून सरपण जमिनीपासून वीतभर उंच राहील. त्यावर ढलप्यांचा एक थर उभा, एक आडवा असा रचत जावे आणि दोन ढलप्यांमध्ये बोटभर अंतर ठेवावे. वरच्या थरातील ढलप्यांची साल आकाशाकडे ठेवावी, म्हणजे पाणी निथळते. पत्रा किंवा ताडपत्री केवळ माथ्यावर घालावी. बाजू झाकल्यास आतील ओल कोंडते. रचलेले सरपण घराच्या भिंतीला आणि कडब्याच्या गंजीला लागून नसावे. गोवऱ्यांची रास मात्र बाहेरून शेणाने लिंपून घ्यावी, कारण त्या पाणी झपाट्याने शोषतात.

लाकूड वाळले की नाही, हे ओळखण्यास यंत्राची गरज नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यास वाळलेल्या लाकडाचा खणखणीत आवाज येतो. ओल्याचा बद्द येतो. टोकांना चिरा पडलेल्या असतात आणि साल सहज सुटते.

सरपणाच्या सांदीत नाग, मण्यार, घोणस, फुरसे आणि विंचू आश्रय घेतात. म्हणून सरपण काढताना प्रथम काठीने ठोकावे, अंधारात हात घालू नये आणि रात्रीपुरते सरपण दिवसाउजेडीच घरात आणावे. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णास दवाखान्यात न्यावे.

पऱ्हाट्यांचा प्रश्न

कापसाच्या पऱ्हाट्या हे जिल्ह्यातील गरिबाचे हक्काचे जळण. परंतु गुलाबी बोंडअळी न उमललेल्या बोंडांत व सरकीत सुप्तावस्थेत राहते आणि पऱ्हाट्यांच्या ढिगातून पुढील हंगामातील पिकावर येते. २०१७-१८ च्या हंगामात या अळीने मराठवाडा व विदर्भातील कापसाची अपरिमित हानी केली. त्यामुळे पऱ्हाट्या साठवू नयेत, असा कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. तो योग्यच आहे. परंतु ज्या घरात दुसरे जळण नाही, तेथे केवळ मनाई करून भागत नाही. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्यामेंढ्या चारणे, उपटलेल्या पऱ्हाट्यांवरील किडकी व अर्धवट उमललेली बोंडे तोडून तत्काळ नष्ट करणे, शेतात अगर बांधावर ढीग न ठेवणे आणि घरी आणलेल्या पऱ्हाट्या सर्वांआधी, खरिपाच्या पेरणीपूर्वीच जाळून संपविणे, एवढी शिस्त पाळल्यास हा धोका बराच कमी होतो. पावसाळ्यासाठी राखून ठेवायचे ते लाकूड आणि तुराट्या, पऱ्हाट्या नव्हेत.

ग्रामपंचायत आणि शाळा यांचे कार्य

महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले, तर १९८३ साली देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे अनेक ठिकाणी दुरुस्तीअभावी त्या चुली मोडल्या. साधन दिले, पण ते सांभाळण्याची व्यवस्था गावात उभी राहिली नाही, हा त्यातून घ्यावयाचा धडा होय.

सरपणाच्या बाबतीत अशी व्यवस्था उभारणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहे. माघ महिन्यातील ग्रामसभेत गायरानावरील वेडी बाभूळ रीतसर परवानगी घेऊन कोठे व किती काढावयाची, हे ठरविता येईल. शिक्षकांना सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून एकाच ढलपीचे दर आठवड्यास वजन करवून घेऊन आर्द्रता आणि शेकडेवारी हे दोन्ही पाठ शिकविता येतील. दसऱ्यापूर्वी, कोयते बाहेर पडण्याच्या आधी, ज्या घरांत केवळ वृद्ध व मुले राहणार आहेत अशा घरांची यादी करून त्यांच्या अंगणातील सरपण पाच महिने पुरेल काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होईल. जेथे ते अपुरे असेल, तेथे आश्विनातल्या उघडिपीचे आठ-दहा दिवस शिल्लक असतानाच दोन माणसे कुऱ्हाड घेऊन पाठविणे, हे कोणत्याही गावाला अशक्य नाही. त्या वेळी ओले लाकूड तोडून उपयोग नाही. बांधावर आधीच वाळून उभी असलेली लाकडे तेवढी फोडून द्यावीत.