इरेनचे चित्र आणि सावलीचा रंग

रेन्वा हे फ्रान्समधील इंप्रेशनिस्ट चित्रकार. त्यांनी १८८० साली इरेन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीचे तैलचित्र काढले. त्याच्या छापील प्रतीवरून मी तैलरंग शिकत आहे.

आधी छापील चित्रावर व कॅनव्हासवर सारखेच चौकोन आखले. एकेका चौकोनात जेवढे दिसते तेवढेच कोळशाने काढायचे, म्हणजे नाक-डोळे बरोबर जागी येतात. मग टर्पेंटाइन घालून पातळ रंग, आणि तो वाळल्यावर जवसाच्या तेलातला जाड रंग. उलटे केले तर पुढे रंगाला तडे जातात. तैलरंग वाळायला कित्येक दिवस लागतात, म्हणून घाई नको.

खरी गंमत सावलीत आहे. सावली म्हटली की आपण काळा रंग घेतो. पण इरेनच्या फिक्या झग्याच्या चुण्यांत निळा रंग आहे!

मित्रांनो, अशी नक्कल म्हणजे चोरी नव्हे. मात्र खाली 'रेन्वा यांच्या चित्रावरून' असे लिहिलेच पाहिजे, आणि तेवढ्यावर थांबू नये. आता मी आजीला उन्हात बसवून निरखून बघते. तिच्या सुरकुत्यांतली सावलीसुद्धा काळी नाही, तांबूस आहे. पुढचे चित्र तिचेच.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी