बाळाला घेण्याआधी हात धुवा

एका खोलीत बाळंतीण आणि आठ दिवसांचं बाळ, शेजारच्या खोलीत लघवीची नळी लावून दवाखान्यातून घरी आलेले आजोबा. कुठल्याही एकत्र कुटुंबात अशी वेळ येऊ शकते. बाळ आणि आजोबा या दोघांच्याही जिवावर उठू शकणारा एक जीवाणू आहे, क्लेब्सिएला न्यूमोनिए.

धडधाकट माणसाच्या आतड्यात तो निमूट राहतो. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाच्या रक्तात शिरला, तर मात्र सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा जीवघेणा संसर्ग, होतो. मधुमेही आणि नळी लावलेल्या रुग्णांना लघवीचा, फुप्फुसाचा संसर्ग होतो. तो पसरतो मुख्यतः हातांवरून.

म्हणून आजोबांची लघवीची पिशवी रिकामी केल्यावर साबणाने हात धुवा. अंगठे, बोटांच्या बेचक्या, नखं चोळा. मगच बाळाला घ्या. पिशवी कमरेच्या खाली टांगा, पण जमिनीला टेकू देऊ नका. नळीची गरज संपली का, हे डॉक्टरांना विचारत राहा.

पाचवी-बारशाला बाळ हातोहाती फिरवू नका. नाळेला तेल-हळद लावू नका, ती कोरडी ठेवा. गुटी, मध नको. सहा महिने फक्त आईचं दूध.

घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका, अशाने जीवाणू औषधांना जुमानेनासे होतात. कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही न जुमानणारा क्लेब्सिएला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या धोकादायक जीवाणूंच्या यादीत सर्वांत गंभीर गटात आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. सेप्सिस झालेल्या बाळाला ताप येतोच असं नाही. पुष्कळदा ते गार पडतं. दूध ओढत नाही, गळून जातं, रडणं क्षीण होतं. छातीवरचा कपडा काढून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 60 किंवा जास्त असतील, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, तर बाळाला तातडीने दवाखान्यात न्या. ‘शांत बाळ आहे, त्रास देत नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका.

ही लक्षणं ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना हे शिकवलं. त्या घरी जाऊन बाळं तपासत, सेप्सिसवर उपचारही करत. 39 गावांतल्या या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं.

मग आपल्या घरातल्या आजी, काकू, बाबा का नाही शिकणार? वर सांगितलेलं एक जरी लक्षण दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. 102 वर महतारी एक्सप्रेस ही रुग्णवाहिका किंवा 108 बोलवा. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून, वरून पांघरूण घालून, तसंच उबेत दवाखान्यात न्या.