वाचता न येणारे मूल एकटे का पडते?



पालघर जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत मी संध्याकाळचा अभ्यास घेतो. दर वर्षी तिसरी-चौथीत दोन-तीन मुले अशी भेटतात, ज्यांना अक्षरे जमत नाहीत आणि सोबतीही मिळत नाहीत. या दोन गोष्टी एकत्र का येतात, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

१. अडचण कोणती?

वारली किंवा कातकरी घरातले मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला नवी असते. अशी बहुतेक मुले भाषा कानावर पडत गेली की पुढे येतात. काही मुलांची अडचण मात्र वेगळी असते. बुद्धी चांगली, डोळे-कान चांगले, पण आवाज आणि अक्षर यांची सांगड बसत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. निदान करणे तज्ज्ञांचे काम आहे. पण आपण मुलाला त्याच्या बोलीत गोष्ट सांगायला लावू शकतो. ती त्याने रंगवून सांगितली, की ‘ढ’ हा शिक्का खोटा आहे, हे तिथेच कळते.

२. एकटेपणा कुठून येतो?

तो अक्षरांतून येत नाही, आपल्या रीतींतून येतो. मूल मोठ्याने वाचताना अडखळते, वर्ग हसतो. मग ते मागे बसते, गटात कोणी घेत नाही, पुढे खेळातही घेत नाही. पाड्यावर तेच मूल खेकडे पकडण्यात सर्वांच्या पुढे असते. आश्रमशाळेत मात्र संध्याकाळी घर नसते. वर्गातले हसू रात्री अंथरुणापर्यंत येते. मग पोट दुखते, मूल गप्प होते किंवा मारामारी करते.

चौथीतला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर परतला नाही. मी पाड्यावर गेलो. वडील म्हणाले, “त्याच्याशी तिथं कोणी बोलत नाही.” अभ्यासाची तक्रार त्यांनी केलीच नाही. तो परत आला, तेव्हा आम्ही त्याला एक जोडीदार दिला आणि बागेची जबाबदारी दिली. वाचन अजून हळूच आहे. जेवायला मात्र तो आता एकटा बसत नाही.

३. आपण काय करावे?

याच जिल्ह्यात कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येईना, तेव्हा शाळा मुलाकडे गेली. तेच आपणही करावे.

रविवारच्या शाळेत पाळीपाळीने मोठ्याने वाचन घेऊ नये. ज्याला वाचता येत नाही त्याला गोष्ट तोंडी सांगू द्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दाखला असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात. रोजंदारी बुडवून ते आईबापांना जमत नाही. तिथे प्रवासखर्च आणि सोबत देणारे माणूस हवे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या वर्गात कोणते मूल नेहमी कडेला बसते?
२. त्याला कोणती गोष्ट चांगली येते, हे आपल्याला ठाऊक आहे का?
३. या महिन्यात त्याच्या घरी कोण जाईल?